डोक्यावर धरायचा फोटो

केराबाईची कडब्याची गंज सकाळी पेटली आणि दुपार व्हायच्या आत तिने शपथ घेतली. वळसंगच्या माळावर, कोमट राखेत उभी राहून, सगळ्या वस्तीसमोर.

"दिस बुडायच्या आत ह्यो बिरुदेव आत गेला पायजे. न्हायतर त्याचं वाडगं मी पेटवणार. मेंढरांसकट!"

कमरेची काड्यापेटी तिने सगळ्यांना दाखवली आणि पुन्हा खोचली. फौजदार प्रियंका कोळेकरला एवढं कळलं की ही बाई नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. उन्हाळा तोंडावर, दोन म्हशी आणि शेळ्यांचं खांड दावणीला, आणि चारा म्हणून उरली होती ती राख.

बिरुदेव तिचा धाकटा दीर. बांधावरून दोघांत वर्षानुवर्षांचं वैर. एकमेकांच्या शेळ्या ओळखतील, पण तोंडाने बोलायचे नाहीत.

"सकाळी कुठं होतात?" प्रियंकाने त्याला विचारलं.

"मेंढरामागं. मावळतीच्या वड्याला."

"कुणी पाहिलं?"

"मेंढरांनी."

हवालदार शिवप्पा हसला. प्रियंका हसली नाही.

"वहिनीवर राग आहे?"

"हाय की. लई हाय. पर जितराबाच्या तोंडचा घास जाळायचा? त्यापरीस हात तोडून दीन."

"मग गंज कुणी पेटवली? भर दिवसा, उघड्या माळावर?"

वस्तीकडे उत्तर तयार होतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच खिळलेल्या.

एवढ्यात टेकडावरून अद्वैत सर उतरून आले. सोलापूरच्या एका कॉलेजची छोटी वेधशाळा त्या टेकडावर आहे, आणि ती सांभाळतात हे सर. पांढरा शर्ट, हातात छापलेला फोटो, चेहऱ्यावर दुःख. दुःख जरा जास्तच व्यवस्थित बसवलेलं.

"मी आज रजेवर होतो. आगीचं कळलं तसा घरून निघालो," ते म्हणाले. "मॅडम, आमच्या गच्चीवर एक कॅमेरा आहे. काचेच्या घुमटाखाली आकाशाकडे तोंड करून बसवलेला. सगळं आभाळ एका गोल फोटोत घेतो, क्षितिजासकट. हा सकाळचा फोटो. तुम्हाला हवा तेवढा भाग छापून आणलाय."

फोटोत खालच्या काठाला काळा धूर उठला होता. धुरापासून धुळीची एक बारीक रेघ डावीकडे गेली होती.

"वर उत्तर," अद्वैत सर बोटाने दाखवू लागले. "म्हणजे खाली दक्षिण. केराबाईंची गंज आमच्या दक्षिणेलाच. आणि ही धूळ डावीकडे जाते आहे, पश्चिमेला. तिकडे कुणाची वस्ती आहे ते मी सांगायला नको."

सांगायची गरजच नव्हती. शाळेच्या भिंतीवर नकाशा सगळ्यांनी पाहिलेला. पश्चिमेला बिरुदेव आणि त्याची मेंढरं, पूर्वेला नुसता डांबरी रस्ता.

"मेंढरांचाच धुरळा त्यो!" केराबाई किंचाळली. "पेटवून घराकडं पळाला मुडदा!"

बिरुदेव फोटोकडे न बघता सरांकडेच बघत राहिला. "ह्या मास्तरच्या गाडीनं गेल्या साली माजी कोकरं चिरडली," तो म्हणाला. "बिरोबाच्या देवळाम्होरं नाक घासाय लावलं हुतं मी त्याला. मेलेलं कोकरू मांडीवर दिऊन."

"ते केव्हाच विसरलो मी," सर म्हणाले. "चूक माझी होती."

केराबाईने मावळतीकडे बघितलं. सूर्य कलायला लागला होता. प्रियंका उठली आणि टेकड चढू लागली.

गच्चीवर उर्वी बसली होती. एम. एस्सी. करणारी मुलगी, कॅमेऱ्याची सगळी देखभाल तिच्याकडे. प्रियंकाने सरळ विचारलं, "हा कॅमेरा दिवसाही फोटो काढतो?"

"आजपासून काढतो," उर्वी खुलली. "रात्री उजेड नसतो, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि गेन, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवायची. मग बारीक तारासुद्धा येतो. माळावर कुणी काडी ओढली तरी येईल. पण तेच सेटिंग दिवसा ठेवलं तर फोटो पांढराफटक. म्हणून सूर्य उगवला की कॅमेरा थांबेल असं सरांनी ठरवून ठेवलं होतं."

"मग?"

"काल संध्याकाळी मी दिवसाचं वेगळं सेटिंग भरलं. शटर क्षणभर उघडायचं, गेन अगदी कमी. जागेचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्य वर आहे की खाली ते त्याचं तोच काढतो आणि सेटिंग बदलतो."

"सरांना सांगितलं होतं?"

"नाही. त्यांना चकित करायचं होतं. आज आल्या आल्या दाखवलं."

"झाले चकित?"

"आनंद नाही झाला त्यांना. घाम आला."

"अख्खा फोटो आहे तुझ्याकडे?"

उर्वीने मोबाइल पुढे केला. पूर्ण गोल आकाश. खाली धूर. त्याच्यापासून डावीकडे गेलेली रेघ. त्याच डाव्या बाजूला, रेघेच्या बरंच वर, सूर्याचा झगझगीत ठिपका. आणि उजव्या काठाला एक पसरट, मातकट डाग. छापील तुकड्यात सूर्यही नव्हता आणि हा डागही.

प्रियंकाने मोबाइल उलटसुलट फिरवून पाहिला. मग तिने शिवप्पाला बाजूला घेतलं. "डांबरी रस्त्यावर चहाची टपरी आहे ना? जाऊन ये. सकाळी कच्च्या वाटेने कुठली गाडी बाहेर आली, एवढंच विचार."

"पण धूळ तर मावळतीकडं गेली की मॅडम."

"तू जा."

शिवप्पा परत आला तेव्हा केराबाई बिरुदेवच्या वाडग्याजवळ जाऊन बसली होती. काड्यापेटी हातात. समोर बिरुदेव, हातात काठी. मध्ये उभं राहायची कुणाची छाती नव्हती. प्रियंका जाऊन उभी राहिली, आणि तिने अद्वैत सरांनाही तिथेच बोलावलं.

"सर, आग कधी लागली?"

"सकाळी."

"सकाळी सूर्य कुठे असतो?"

सर हसले. "पूर्वेला."

तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मग या फोटोत तो डावीकडे कसा? तुम्ही तर डावीकडे पश्चिम म्हणालात."

वस्ती पुढे सरकली.

"नकाशा आपण खाली बघून वाचतो," प्रियंका म्हणाली. "हा फोटो वर बघून काढलेला आहे." उत्तरेकडे तोंड करून तिने मोबाइल डोक्यावर पालथा धरला, वरचा काठ उत्तरेकडे, आणि मान वर केली. "असा धरा. आता डावी बाजू पूर्वेला येते. धुळीची रेघ पूर्वेला गेली, डांबरी रस्त्याकडे. आणि उजव्या काठाचा हा पसरट डाग पश्चिमेला, ओढ्यावर. बिरुदेवची मेंढरं. गंज पेटली तेव्हा ती तिथेच होती. आणि सरांनी नेमका तोच काठ कापला."

ती वस्तीकडे वळली. "उभं आयुष्य पोरांना आकाशाच्या दिशा शिकवणारा माणूस डावं-उजवं चुकेल? मी चुकेन, तुम्ही चुकाल. आम्ही चुकणार, यावरच तर ह्यांची भिस्त होती."

"पण भर दिवसा का?" उर्वीने विचारलं.

"रात्री काडी ओढली तरी तुझ्या कॅमेऱ्यात येते. दिवसा तो आंधळा असतो, हे वस्तीत कुणाला ठाऊक? दिवसाची वेळ मुद्दाम निवडणारा माणूस वेधशाळेतलाच हवा. तू रात्रीतून त्याला डोळे दिलेस, हे मात्र ह्यांना ठाऊक नव्हतं."

शिवप्पा खाकरला. "टपरीवाल्यानं सरांची लाल गाडी ओळखली री मॅडम. धुराकडनंच आली म्हणतो."

अद्वैत सरांचा चेहरा उतरला, आणि मग त्यावर जे आलं ते लपवायची त्यांना गरज उरली नव्हती.

"नाक घासलं होतं मी!" ते बिरुदेववर ओरडले. "माझे विद्यार्थी बघत होते. कुणी मोबाइलवर काढलं होतं. वर्गात फळ्याकडे वळलो की मागे कोकरासारखं बें-बें करायचे! रोज! तू कोठडीत जावास आणि तुझ्याच माणसांनी तुझं घर जाळावं, एवढंच हवं होतं मला."

केराबाई उठली. सावकाश त्यांच्यासमोर आली.

"राग त्याच्यावर," ती म्हणाली. "मग माज्या म्हशीचा घास का जाळलास?"

शिवप्पाने सरांचा दंड धरला. केराबाई त्यांच्या पायांजवळ थुंकली आणि मागे वळूनही न बघता घराकडे चालू लागली. काड्यापेटी तिच्या मुठीतच होती, म्हणून प्रियंका तिच्यामागे गेली.

थोड्या वेळाने दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत कडबा. बिरुदेव खाली उतरला आणि काही न बोलता पेंढ्या फेकू लागला.

"हितं न्हाय," केराबाई घरातून ओरडली. "गोठ्याच्या अंगाला टाक."

त्याने गोठ्याच्या अंगाला टाकल्या.

"बांधाचं मी सोडल्यालं न्हाय. ध्यानात ठेव."

"कोण म्हंतंय सोड म्हून?"

दिस बुडत आला होता. केराबाईने काड्यापेटी काढली, तसा प्रियंकाचा हात नकळत पुढे झाला. पण बाई चुलीपुढे वाकली होती. वाडग्यासाठी राखलेली काडी तिने चुलीत टाकली आणि चहाचं आधण ठेवलं.

"त्याला इचारा, मॅडम," ती बाहेर न बघता म्हणाली. "साखर किती घालू म्हणावं."