जास्तीचा फर्मा

वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून देणं हा माझा धंदा, आणि तिखटमीठ लावून गोष्टी सांगणं हा छंद. त्यामुळे माझं खरं कुणी मानत नसे. नात तर मुळीच नाही. पंधरा वर्षांची पोर, तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली खुनाची एक कादंबरी तिला रोज लागायची. दुरुस्त झालेलं पुस्तक आधी तिच्याकडे, मग वाचनालयात, हा आमचा शिरस्ता.

त्या दुपारी तिनं घरून दुकानात फोन केला. म्हणाली, गोष्टीतली मुलगी वसतिगृहात राहते, पण शेवटच्या सोळा पानांत ती भलत्याच घरात आहे. मी कपाळावर हात मारला. दोन पुस्तकं एकदम शिवायला घेतली होती. फर्म्यांची, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांची, अदलाबदल झाली असणार.

"घर आपलं आहे," ती म्हणाली. "जिन्याची तुटकी पायरीसुद्धा आहे. आजोबा, थापा आता छापायलाही लागलात?"

दुसरं पुस्तक समोरच होतं. पानं मोजली. एक कमी नाही, एक जास्त नाही. पहिल्या पुस्तकाचा खरा शेवटही टेबलावर वजनाखाली जसाच्या तसा होता.

मग तिच्या हातातला फर्मा कुठला?

तिला वाचून दाखवायला सांगितलं. दुपारचे साडेतीन. मुलगी घरात एकटी. घरच्या माणसाच्या आवाजात कुणीतरी तिच्याशी बोलतं, आणि तिचा विश्वास बसतो. इथं ती थांबली.

"पुढे?"

"पुढे ती सापडते. सकाळी."

घड्याळात तीन वीस. तिला म्हटलं, आतून कडी लाव, मी निघालोच.

या वयात मी धावलो म्हटलं, तर लोक हसतात. धावलो.

दार बंद होतं. मी हाक मारली. आत पावलं वाजली, दारापाशी थांबली.

"कोण?"

"अगं, मी."

कडी खुट्ट करून थोडी सरकली. फटीतून तिचा श्वास ऐकू येत होता.

मग तिच्या मागून, अगदी मायेनं, माझाच आवाज आला.

"राहू दे, बाळ. मी इथेच आहे ना."

कडी पुन्हा जागेवर बसली.