हात सोडायची घाई

पालमच्या स्टँडवर गंगाखेडची बस लागली, तरी दारापुढची मुलगी चढेना. नुसत्या मुठी आवळायची, सोडायची… मागे शिवकुमार ताटकळला होता. तो साखर कारखान्यात उसाचा रस तपासायचा.

"कोणाला मारायचा इचार हाय, मॅडम?"

"मागून घाई करणाऱ्याला," ती म्हणाली आणि दांडा धरून चढली.

ती शिवरंजनी. गंगाखेडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पुढे तो रोज खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरू लागला. पावसाळा सरत आला, तेव्हा गोदावरीच्या घाटावर त्याने हात पुढे केला.

"माझ्याशी लग्न करता का?"

तिने हात दिला. पण बोटे त्याच्या हातात नुसती पडून राहिली. नकारच हा… त्याने हात सोडला.

"सोडला पण?"

"तुमीच धरला न्हाई."

"धरायलेच होते की!" तिचे डोळे भरले. "नसेच्या टोकाला रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. मेंदूचा हुकूम आला की एक प्रथिन खूण करतं. मग पिशव्या नसेच्या कडेला चिकटून उघडतात, स्नायू हलतो. रिकाम्या पिशव्या परत भरल्या जातात. माझं ते प्रथिन जन्मापासून बिघडलेलं हाय. पहिल्या हुकमाला थोड्याच पिशव्या उघडतात. हुकूम सारखा जात राहिला, तर जोर येतो… थोडा वेळ."

त्याने पुन्हा हात धरला. थांबला. हळूहळू तिची पकड घट्ट झाली.

"पण लग्न करणार न्हाई मी," ती म्हणाली. "आईलाही हेच होतं. शेवटी घास भरवावा लागायचा. मूल झालं तर त्यालाही होईल, न्हाईतर न्हाई… निम्मं निम्मं."

"मूल नको. मी भरवीन."

"आज म्हणताल. माझ्या अप्पांनी तिला अकरा वर्षं भरवलं. त्यांना इचारा, मग बोला."

त्याच संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. मन्मथअप्पा ओसरीवर एकटेच जेवत होते. शिवकुमारने सगळे सांगितले आणि विचारले, "अप्पा, कंटाळा आला न्हाई कधी?"

"आला. लय वेळा आला. चिडलो बी तिच्यावर." अप्पा ताटाकडे बघत राहिले. "आता पहिला घास उचलतो… अन् कुणाला द्यावा, कळत न्हाई."

दाराआड शिवरंजनी उभी होती. शिवकुमार तिच्याकडे न बघताच म्हणाला, "दिवाळीनंतरची तारीख काढा, अप्पा."