डाव्या सीटची चाहूल

पुढचं डावं चाक

चाहूल आल्यापासून गाड्या हादरायच्या थांबल्या आणि माणसांच्या पाठी दुखू लागल्या. सगळ्यांच्या नाही. गाडीत दोघं असतील तर एकाची.

पाठीचं अजून कुणाला ठाऊक नव्हतं. चाहुलीच्या जाहिरातीत फक्त काठोकाठ भरलेला चहाचा कप होता, चाकाखालून जाणारा खड्डा होता, न सांडलेला चहा होता आणि दोन शब्द होते. निश्चिंत बसा.

ही चाहूल जिनं शोधली त्या निगार मुजावरची प्रयोगशाळा कोल्हापूरबाहेर, हायवेला लागून होती. लोक तिला गॅरेजच म्हणत. एका सकाळी तिथं चाहुलीच्या चाचणीतली एक लाल, दोन सीटची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार येऊन थांबली. चालवणारे हिंदुराव शेळके, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. डाव्या सीटवर त्यांच्या पत्नी शालनताई. हिंदुराव उतरून गाडीला वळसा घालून आले, दार उघडलं, तरी शालनताईंचा एक पाय अजून आतच होता.

"डॉक्टरीणबाई," हिंदुराव म्हणाले. निगारची डॉक्टरेट स्पंदनांवरची होती, पण ते त्यांना चालत होतं. "ही गाडी न्हवं, उसाची ट्रॉली झालीया. हाडं खिळखिळी."

"कधीपासून?"

"गेल्या म्हैन्यात चाकं बदलली, तवापासनं जरा टणक लागायची. पर ह्या आठवड्यात पारच गेलं."

निगार खाली वाकली. चकचकीत, मोठी रिम. तिच्याभोवती रबराची बोटभर पट्टी. "सतरा इंची काढून वीस इंची घातलीत? का काका?"

"एसटीला वीस इंची असत्यात. जन्म त्याच्यावर काढला. कधी कोण पॅसेंजर बोलला न्हाई. सतरा म्हंजी खेळण्यातली चाकं."

"दिसायला घातलीत," शालनताई बाहेर येत म्हणाल्या. "जत्रंतल्या बैलागत सजवत्यात तिला."

"एसटीच्या रिमवर टायर केवढा जाड असतो, काका! या गाडीत चाकाची एकूण उंची ठरलेली आहे. रिम वाढवली की टायर तेवढा बारीक होतो. टायरमधली हवा ही गाडीची पहिली गादी. ती काढून तुम्ही काकूंना पाटावर बसवलंत."

हिंदुरावांनी कानामागं खाजवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिच्या मणक्याचं दुखणं वाढलंय. डॉक्टर म्हणतोय, आणखी पंधरा दिवसांत उतार न्हाई पडला तर गाडीत बसायचंच न्हाई. तीस वर्सं सगळ्या तालुक्याला घाट दावला, हिला एकदाबी न्हाई. म्हणून ही गाडी. दर रविवारी गगनबावडा. आता तेबी बंद करू?"

पुढचं उजवं चाक

चाहूल कशी चालते ते निगारनं याआधी अनेकांना सांगितलं होतं, त्यात मंत्रीही होते. हिंदुरावांना तिनं ते गाडीच्या खाली दिवा धरून सांगितलं.

प्रत्येक चाकावर एक स्प्रिंग. तिला आवर घालायला शॉकअप, म्हणजे तेलानं भरलेली नळी. नळी कडक असली तर गाडी वळणावर झुकत नाही, पण खड्डा पाठीत बसतो. मऊ असली तर खड्डा कळत नाही, पण वळणावर गाडी होडीसारखी डुलते. स्पोर्ट्स कारला दोन्ही हवं. म्हणून या तेलात लोखंडाची भुकटी असते. भोवती चुंबक. चुंबक जागा झाला की तेल घट्ट, झोपला की पातळ. पापणी लवायच्या आत.

"मग त्याला कळतंय कसं, कवा झोपायचं?"

"माणसाकडून. समोर खड्डा दिसला की मनात विचार येण्याआधीच अंग आखडतं. मांडीचे, कमरेचे स्नायू. ते आखडणं सीटच्या कापडाला कळतं, आणि चाक खड्ड्यात जायच्या आत तेल पातळ होतं. खड्डा कॅमेऱ्यालाही दिसतो. पण कुठला खड्डा कुणाला दुखणार, ते अंगालाच माहीत असतं. अंगाच्या त्या आखडण्याला मी चाहूल म्हणते."

"म्हंजी माझ्या अंगावर चालती गाडी," हिंदुराव जरा फुगून म्हणाले.

निगारनं दोन्ही सीटच्या नोंदी पडद्यावर लावल्या. चालवणाऱ्याची उजवी सीट: एक सरळ रेघ. सहा महिने, सपाट. डावी सीट: दाट, टोकदार, करवतीसारखी. आणि या आठवड्यात ती करवतही एकदम थांबलेली.

ती गाडीत वाकली. डाव्या सीटवर चार घड्या घातलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, मऊ झालेली.

"ही कुणी घातली?"

"मीच," हिंदुराव म्हणाले. "हिच्या पाठीला. घरातली सगळ्यात जाड शोधली."

निगारनं वाकळ उचलून छातीशी धरली. वाकळीतून सीटला काही कळत नव्हतं. सीटला कळत नव्हतं म्हणून गाडी आंधळी झाली होती. म्हणजे गेले सहा महिने ही गाडी शालनताई चालवत होत्या.

तिनं पडदा जवळ ओढला. "काकू, ही टोकं बघा. यातली बहुतेक उजव्या चाकाच्या खड्ड्यांची आहेत. तुमच्या बाजूच्या खड्ड्याला तुम्ही फारशा आखडत नाही. यांच्या बाजूच्या खड्ड्याला आखडता."

शालनताईंनी पदर सारखा केला. "सवय हाय. ह्यांची रातीची गाडी घाटात असली की मी घरात भाकरी थापताना आखडायची. हे घरात आले की सोडायची. आता तर शेजारीच असत्यात."

"आन मी? माझी रेघ का सपाट?"

"एसटीचा ड्रायव्हर भ्याला तर मागच्या पन्नास जणांनी काय करायचं?" शालनताईच म्हणाल्या. "ह्यांनी अंगच तसं करून घेतलंय."

मागचं उजवं चाक

एकानं छत्री धरली की दुसरा हात खिशात घालतो.

निगारनं त्या दुपारी चाचणीतल्या बाकीच्या गाड्यांच्याही नोंदी काढल्या. प्रत्येक गाडीत एक रेघ सपाट होती आणि एक करवत. चाहुलीनं हादरा नाहीसा केलाच नव्हता. तो सगळा गोळा करून एकाच अंगात भरला होता.

मागचं डावं चाक

सतरा इंची चाकं परत आली, जाड टायरसह. स्प्रिंगा एक पायरी मऊ केल्या. निम्मं काम तेवढ्यानंच झालं. उरलेल्या निम्म्यासाठी निगारनं डावी सीट गाडीपासून तोडली. तिची नोंद पडद्यावर दिसेल, पण गाडी तिचं ऐकणार नाही.

"म्हंजी आता ऐकणार कुणाचं?"

"तुमचं, काका."

"मी आखडतो की. त्यात काय!" त्यांनी बसल्या जागी दोन्ही मांड्या आवळून दाखवल्या. शालनताईंना हसू आवरेना.

"नाटक चालत नाही. सीटला कळतं. खरंच भीती वाटायला हवी."

"ह्या वयात शिकवणी लावा म्हंजे," ते म्हणाले आणि निघाले.

गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. निगार पडद्यासमोर बसून फोनवर दोघांचा आवाज ऐकत राहिली. गगनबावड्याचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांनी जागोजागी खचवलेला.

*उजवी सीट: सपाट.*

"आई गं!"

"दिसला न्हाई, अगं."

"दिसला की तुमास्नी. तुमाला दिसतंय, पर लागत न्हाई."

*उजवी: सपाट. डावी: करवत.*

"आई गं!"

"थांबू का?"

"चला. थांबून काय खड्डा बुजतोय?"

*उजवी: सपाट.*

मग एक मोठा आदळ. निगारच्या कानात तो धप्पकन आला. पण शालनताईंचा आवाज आला नाही.

"शालन?"

काही नाही.

"बोल की. लागलं?"

"न्हाई लागलं."

हिंदुरावांनी डावीकडं पाहिलं असणार. पट्ट्याला धरलेली मूठ, पांढरी पडलेली बोटं, गिळून टाकलेलं आई गं. निगारला ते दिसलं नाही. तिला एवढंच दिसलं, की सहा महिने सपाट असलेली रेघ

थरथरली.

आणि पुढच्या खड्ड्याआधी उठली. तिचा खड्डा, डाव्या चाकाचा. चाक त्यातून गेलं तेव्हा कानात टायरच्या घरघरीशिवाय काही आलं नाही. पुढचा. त्यापुढचा. घाट लागला तशी उजवी रेघ करवत होत गेली, आणि डावी उतरत, उतरत, एका लांब श्वासासारखी सपाट झाली.

"काका? काकू ठीक आहेत ना?"

"हळू बोला," हिंदुराव कुजबुजले. "झोपली हाय. चालत्या गाडीत. पहिल्यांदा."

स्टेपनी (या गाडीत नसते)

पंधरवड्यानंतर ते आले. शालनताई गाडीतच थांबल्या. त्यांच्या पाठीचं दुखणं उतारावर होतं, डॉक्टरनं रविवार चालू ठेवायला सांगितलं होतं. हिंदुराव मात्र बारीक झाले होते.

"डॉक्टरीणबाई, ह्याला स्विच कुठाय?"

"डॅशबोर्डखाली. गाडी उभी असताना बंद—"

"गाडीचं न्हवं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "परवा ती आडावर कळशी उचलाय लागली, तर मी हितं आखडलो. ती खोकली की आखडतोय. ती कूस बदलती आन मी जागा. आधी मला काही लागत नव्हतं. आता सगळंच लागतंय, आन लागायच्या आधीच लागतंय."

निगारनं खूप शब्द शोधले. तेल, चुंबक, भुकटी. "सीट बंद करता येते, काका," ती शेवटी म्हणाली. "पण मग काकू परत सुरू होतील. गाडीत एकाला तरी—"

"कळलं." त्यांनी लाल गाडीकडं पाहिलं. "ती तीस वर्सं अशी होती, व्हय?"

"हो."

"एकटी?"



"अवो, चला की!" गाडीतून हाक आली. "घाटात धुकं उतरंल."

"आलो, आलो." ते वळले. "तुमच्या त्या जाहिरातीत तेवढं लिवा, बाई. कोण निश्चिंत बसणार ते आधी ठरवून घ्या म्हणावं."

ते गाडीत बसले. निगारसमोर पडद्यावर दोन्ही रेघा उमटल्या. डावी सपाट होती. पट्टा मागं अडकला होता, तो घ्यायला शालनताई जराशा वळल्या, पाठीतून, सावकाश.

उजवी रेघ टोकाला गेली.

गाडी जागेवर उभी होती, समोर फाटकापर्यंत सारवल्यासारखी सपाट जमीन होती, आणि तिची चारी चाकं, कुणी सांगितल्याशिवाय, मऊ झाली.