पाइप वाजताहेत

नोएलानं प्लंबरला बोलावलं तेव्हा तिच्या मनात भुताखेताचं काहीच नव्हतं. सासू तळघराच्या जिन्यावरून पडून मरू नये, एवढंच होतं.

तळघरातला बॉयलर तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासून त्या घरात होता. बिडाचा, गोल पोटाचा, वरून जाड पांढरं लिंपण केलेला. आधी कोळसा खायचा, पुढे तेल प्यायला लागला. घर उबदार ठेवायला त्याची वाफ नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये चढायची, आणि थंड होऊन तिचं पाणी खाली परतताना नळ्यांत ठोके पडायचे. लुईस्टनच्या त्या गल्लीत सगळ्याच घरांत पडायचे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या हिवाळ्यात असल्या आवाजाचं कुणाला काय! "पाइप वाजताहेत," म्हणायचं आणि कूस बदलायची.

त्या घरानंही एकदा तसंच म्हटलं होतं. सासरे, ऑरेल, संध्याकाळी बॉयलरला पाणी घालायला खाली गेले होते. वर स्वयंपाकघरात पत्ते रंगले होते. ठोके पडले, थांबले, पुन्हा पडले. "पाइप वाजताहेत," त्यांची बायको म्हणाली आणि तिनं पुढचा डाव वाटला. वाटाण्याचं सूप निवून गेलं तरी नवरा वर येईना, तेव्हा ती उठली. ऑरेल फरशीवर आडवे होते. अर्धं अंग गेलेलं, हातातला पाना नळीला टेकलेला. जीव कधीच गेला होता.

तेव्हापासून ती प्रत्येक ठोक्याला खाली जायची. आता ती चांगलीच म्हातारी झाली होती, सगळे तिला मेमेर, म्हणजे आजी म्हणायचे. गुडघे कामातून गेले तरी भिंत धरून उतरायची, बॉयलरभोवती एक फेरी मारायची आणि धापा टाकत वर यायची. गेल्या आठवड्यात ती वर आलीच नाही. नोएलाला सापडली ती शेवटच्या पायरीवर, घोट्याचा भोपळा झालेला. नोएलानं तिथल्या तिथे ठरवलं. हे धूड जाणार, आणि तोंडातून चकार शब्द न काढणारा गरम पाण्याचा नवा बॉयलर येणार. नवरा नॉर्मंड नेहमीसारखा "बघू" म्हणाला.

"बघू नाही. झालं," ती म्हणाली.

प्लंबर मिशो नॉर्मंडचा शाळेतला मित्र. तो दुपारी आला तेव्हा बर्फ पडत होता आणि नॉर्मंड रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक घेऊन बाहेर होता. बॉयलर सकाळपासून बंद होता. मिशोनं त्यावर टिचक्या मारल्या, वाकून आतलं पाहिलं.

"नोएला, खरं सांगू? याला काही झालेलं नाही. तुला नि मला पोचवून हा इथंच बसेल."

"म्हणूनच काढायचाय."

"आवाजाचाच त्रास असेल तर नळीचा उतार सुधारतो. एक पाचर ठोकली की झालं."

"पाचर तुझ्या डोक्यात ठोकेन. काढ म्हटलं ना!"

वर स्वयंपाकघरात मेमेर लाकडाच्या चुलीपाशी बसली होती. रेडिएटर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली. नोएलानं तिला सांगितलं तेव्हा तिनं चुलीत एक लाकूड सारलं.

"काढ," ती म्हणाली. "पण मग तो हाक कशानं मारेल?"

"मेमेर, ते हाक मारत नाहीत. नळीत पाणी अडकतं, त्याचा आवाज असतो."

"त्या दिवशीही मी तेच म्हटलं होतं, पोरी."

मन फिरू द्यायचं नाही हे नोएलानं स्वतःला बजावलं होतं. ती खाली गेली आणि म्हणाली, "मिशो, मुख्य नळी आत्ताच कापून टाक."

"नवा तर उद्या यायचाय…"

"आजची रात्र चुलीवर काढू. काप."

त्यानं बॉयलरमधलं पाणी सोडलं. गंजानं लाल झालेलं, जुन्या रक्तासारखा वास येणारं. मग करवत फिरली, नळी तुटली आणि दोन टोकं एकमेकांपासून दूर लटकली. मिशो हत्यारं गाडीत टाकायला मागच्या दारानं बाहेर गेला. नोएला फरशी पुसायला बसली. उंचावरच्या छोट्या खिडकीत बर्फ साचून तळघर काळवंडलं होतं. बिडाला हात लावला तर गारठलेलं.

ठक.

तिनं मान वर केली.

ठक… ठक.

आवाज वर जाणाऱ्या नळीच्या तुटक्या टोकातून येत होता. आत वाफ नव्हती, पाणी नव्हतं. लोखंड आकसत असेल, तिनं मनाशी म्हटलं आणि फडकं पिळलं. ठोके पुन्हा पडले, सावकाश, एकसारखे, कुणीतरी दम खात मारल्यासारखे.

"पाइप वाजताहेत," ती पुटपुटली.

ते शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकले आणि ती ताडकन उठली. फडकं टाकून ती जिना चढत सुटली.

मेमेर चुलीपाशी जमिनीवर पडली होती. तोंड वाकडं, एक हात अंगाखाली, दुसरा लुळा. नोएलाच्या किंकाळीनं मिशो धावत आला. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलंत म्हणून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मेमेरला थोडं बोलता आलं. "तू… वर कशी आलीस?"

"तुम्ही रेडिएटर वाजवलात ना."

"मी?" म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "अगं, हात कुठे हलत होता माझा…"

नोएला उठून बाहेर गेली आणि तिनं मिशोला फोन लावला.

"जोड."

"काय जोडू?"

"नळी. होती तशी जोड. बॉयलर राहणार."

"डोकं फिरलंय का तुझं? नवा गाडीवर चढलाय!"

"मग उतरव."

नॉर्मंडलाही तिनं एका शब्दानं बोलू दिलं नाही. तळघराच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. ठोका पडला की यापुढे तीच जाणार होती. ती जातही राहिली, खाली काही नसायचं, आणि हळूहळू तिची भीती मोडली.

थंडी सरत आली होती. एका संध्याकाळी मेमेर खुर्चीत बसली होती, नॉर्मंड बूटसुद्धा न काढता बाकावर झोपला होता. ठोके पडले. एरवी मेमेर आजारातही उठायची धडपड करायची. आज हलली नाही.

"ऐकू नाही आलं?" नोएलानं विचारलं.

"आलं की."

"मग?"

"ते माझ्यासाठी नाही." मेमेरनं डोळे मिटून घेतले. "तुला बोलावतोय."

नोएलानं नॉर्मंडकडे पाहिलं. छाती वरखाली होत होती. मेमेरकडे पाहिलं, तीही ठीक होती. घरात चौथं कुणीच नव्हतं, उरली होती ती एकटीच. ठोके चालूच होते, सावकाश, दम खात.

न जाणं आता तिला शक्यच नव्हतं. तिनं गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार ढकललं. दार उघडताच ठोके थांबले, बोलावलेलं माणूस पोचल्यासारखे.