सात नंबरच्या कपाटातली किल्ली

हे वाचून कुणी म्हणेल, रचून सांगतोय. म्हणा बापडे. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग तर माझी आई घरात असताना घडला. दोघीही खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. मावशीचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. एकदा तिच्या संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात कुणीतरी कण्हतंय म्हणून सगळे पळाले होते, तेव्हा ही एकटी बॅटरी घेऊन आत गेली आणि कबुतर घेऊन बाहेर आली.

तर तारीख... ऑक्टोबरमधला दुसरा सोमवार. वेळ दुपारी पावणेतीन.

हो, दुपार. वीज गेली नव्हती, वाराबिरा काही नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं.

मावशी संग्रहालयात नोकरीला होती. तीस वर्षं एकच काम, वस्तूंखालचे मजकूर लिहायचं. तिचा एक नियम होता. वस्तू हातात घेतल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. "अरे, ती बोलते! कुठली आहे, काय सोसून आलीय, सगळं सांगते. आपण आपलं तोंड बंद ठेवायचं," असं ती नव्या लोकांना इतक्यांदा ऐकवायची की ते तिला येताना बघून वाट बदलायचे.

तो नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला.

संग्रहालयात नवीन दालन होणार होतं. नाव 'आपण असे घडलो'. देश कसा उभा राहिला, ते वस्तूंमधून दाखवायचं. त्यात सात नंबरचं कपाट बंदराचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी मोठं बंदर बांधायला खाडीकाठची एक अख्खी वस्ती उठवली होती, त्या वस्तीतल्या सहा वस्तू त्यात मांडायच्या होत्या. तेव्हा आजी, म्हणजे मावशीची आई, दवाखान्यात होती. मावशीची नुसती धावपळ चालली होती. संचालकसाहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, एवढंच नीट अक्षरात लिहून द्या. लोकांना अभिमान वाटला पाहिजे."

मावशीने पेटी उघडलीच नाही. उभ्या उभ्या लिहून दिलं.

'बंदरासाठी वस्तीतल्या लोकांनी आनंदाने घरं सोडली. सर्वजण नव्या गावी सुखरूप पोहोचले. जाताना ते मागे सोडून गेले त्या या वस्तू.'

आता खरी गोम सांगतो. आमची माणसं त्याच वस्तीतली.

मावशी तेव्हा सात वर्षांची होती, माझी आई मांडीवर. दोन बोटी ठरल्या होत्या. पहिल्या बोटीने आजी पोरींना घेऊन निघाली. आजोबा म्हणाले, "घराला कुलूप घालून येतो मागच्या बोटीने." आजी म्हणाली, पाडायच्या घराला कुलूप कशाला? आजोबा हसले. म्हणाले, सवय.

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक आजीच्या गळ्यात दोऱ्याला. एक आजोबांच्या खिशात.

ते आलेच नाहीत.

आजीने चौकशी केली, तर सरकारी कागद आला. दुसरी बोट दुसऱ्या गावी नेली होती, सर्व प्रवासी सुखरूप उतरले, पुढचा ठावठिकाणा माहीत नाही. झालं. लोकांनी अर्थ काढायचा तो काढला. दुसरं घर केलं असेल. मावशीही मोठी होऊन तेच म्हणायला लागली. "नाव काढू नकोस त्या माणसाचं," असं ती आजीवर ओरडायची. आजी उलट बोलायची नाही. फक्त रोज झोपताना पुटपुटायची, "माझं काय चुकलं?"

पन्नास वर्षं, रोज.

त्या सोमवारी आजीला दवाखान्यातून घरी आणून चौथा दिवस होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. माझी आई तिच्याजवळ होती. संग्रहालयाला सोमवारची सुट्टी, पण मंगळवारी उद्घाटन, म्हणून मावशीला मजकुराच्या पाट्या लावायला जावंच लागलं. इमारतीत ती आणि पहारेकरी, दोघंच. त्या पहारेकऱ्याला सगळे फौजदार म्हणत. नुसत्या मिशा, बाकी काही नाही.

तिथली एक पद्धत सांगायला हवी. कपाटातून वस्तू काढली, की तिच्या जागी पिवळी चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर तीन ओळी छापलेल्या. कोणी नेली. कुठे नेली. परत कधी. चिठ्ठ्यांचं पुस्तक मावशीच्या कोटाच्या खिशात असायचं. आणि कपाटाला कुलपं दोन. एकाची किल्ली मावशीकडे, दुसऱ्याची फौजदाराकडे. एकट्याला कपाट उघडताच येत नाही.

मावशीने सात नंबरच्या कपाटाबाहेर पाटी लावली. आणि मग पहिल्यांदा आत नीट पाहिलं.

चष्मा. लहान मुलीचा एक बूट. कंगवा. कंदील. शिट्टी. आणि कोपऱ्यात एक गंजलेली किल्ली.

तिला काहीतरी खटकलं. ती काचेला नाक लावून वाकली...

चष्म्याच्या काडीवर बारीक शिंपले चिकटले होते.

बुटाच्या आतही शिंपले.

घरात सोडून गेलेल्या चष्म्यावर शिंपले कुठून येतील? या वस्तू घरांतून आलेल्याच नव्हत्या. समुद्राच्या तळातून आल्या होत्या.

तेवढ्यात मागे आवाज झाला.

टक...

कुलूप उघडल्यासारखा.

ती वळली. दालनात कुणी नव्हतं. परत कपाटाकडे पाहिलं.

चष्मा नव्हता.

त्या जागी पिवळी चिठ्ठी. थरथरत्या, म्हाताऱ्या अक्षरात.

कोणी नेली : मालकाने. कुठे नेली : घरी. परत कधी... कोरं.

"फौजदार!" मावशी ओरडली. "ही कसली थट्टा?"

फौजदार धावत आला. त्याची किल्ली त्याच्या कमरेलाच होती. दोघांनी कुलपं ओढून पाहिली. दोन्ही घट्ट.

"बाई, मी तर फाटकावर होतो. आईशप्पथ."

"मग हे कोणी लिहिलं, कबुतराने?"

तो उत्तर देणार, तर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मावशीने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं.

बूट नव्हता.

चिठ्ठीवर वेडंवाकडं, मोठं मोठं अक्षर. नुकतं लिहायला शिकलेल्या पोरीचं. 'मी. घरी.'

कपाटात ओल धरू नये म्हणून निळ्या खड्यांची डबी ठेवतात. ओल लागली की ते खडे गुलाबी होतात. सकाळीच भरलेली डबी... दोघांच्या डोळ्यांसमोर निळी होती ती गुलाबी होत गेली. मग काच आतून धुरकट झाली, आणि आत पाणी हलल्यासारखा आवाज यायला लागला. सावकाश, एखाद्या बोटीच्या पोटाला लागतं तसा.

"बाई, मला पोरंबाळं आहेत," फौजदार म्हणाला आणि जो पळाला तो पळालाच.

मावशी पळाली नाही.

कंगवा गेला.

कंदील गेला.

शिट्टी गेली... आणि पलीकडच्या बंद दालनातून लांबलचक शिट्टी ऐकू आली. बोट सुटताना वाजवतात तशी.

राहिली फक्त किल्ली.

मावशीने बाहीने काच पुसली. आजोबांच्या किल्लीचा एक दात कुलपात अडकायचा, म्हणून त्यांनी तो कानशीने घासून अर्धा केला होता. तो आवाज मावशीला लहानपणापासून आठवत होता. समोरच्या किल्लीचा तिसरा दात अर्धा होता.

तिला तिथेच रडू फुटलं.

बाबा कुठेही गेले नव्हते. दुसरं घर नाही, दुसरी बाई नाही. बोट बुडाली होती, सगळ्यांना घेऊन. कागदावर पोहोचलेली माणसं पन्नास वर्षं पाण्याखाली होती. आणि घरी आई शेवटचे श्वास मोजत पडली होती, माझं काय चुकलं म्हणत.

ही किल्ली गेली तर आईला काय दाखवणार? कुणाच्या तोंडाने सांगणार?

"थांबा!" मावशी काचेवर हात आपटत ओरडली. "बाबा, थांबा! मी बघितलं नाही हो, न बघता लिहिलं! मी नीट लिहिते, आत्ता लिहिते!"

तिने पाटी उपटली. उलटी केली. इतक्या घाईने लिहिलं की तीस वर्षांचं वळणदार अक्षर ओळखू येईना.

'बोट बुडाली. माणसं पोहोचली नाहीत. या वस्तू त्यांच्या अंगावरच्या आहेत.'

तिने ती पाटी काचेला दाबून धरली.

पाण्याचा आवाज थांबला.

किल्ली जागेवरच होती.

मावशी धावत फाटकावर गेली. फौजदाराच्या कमरेची किल्ली तिने अक्षरशः ओरबाडून घेतली, परत आली, दोन्ही कुलपं उघडली. आत हात घातला. किल्ली ओली होती, आणि गरम. कुणीतरी आत्तापर्यंत मुठीत धरलेली असावी तशी गरम. तीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी न ठेवता ती कपाटाजवळून निघाली.

रिक्षात तिने मूठ उघडली नाही. सगळ्या वाटेने एकच म्हणत होती, "आई, मी येईपर्यंत जाऊ नकोस. दहा मिनिटं. पाच मिनिटं."

जिना चढली. दार वाजवलं. माझ्या आईने आतून कडी काढली.

मावशीने मूठ उघडली...

मुठीत चुरगळलेली पिवळी चिठ्ठी होती.

कोणी नेली : मालकाने. कुठे नेली : घरी.

मावशी तिथेच, उंबऱ्यावर बसली. "गेली गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात आतून आजीची हाक आली. चार महिने कूस न बदललेली आजी पलंगावर उठून बसली होती. तिच्या मांडीवर दोन किल्ल्या. एक दोऱ्यातली. एक गंजलेली, तिसरा दात अर्धा.

"आत्ताच देऊन गेले," आजी म्हणाली. "म्हणाले, उशीर झाला गं, बोटच लागली नाही." तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्या आईने तसा कधीच पाहिला नव्हता.

माझी आई शपथ घेऊन सांगते, कुणीही आलं नव्हतं. दाराला आतून कडी होती. ती पलंगापासून चार हातांवर होती. फक्त फरशी ओली झाली होती, दारापासून पलंगापर्यंत. तिला वाटलं, तांब्या सांडला.

मावशी आजीच्या कुशीत शिरून लहान पोरीसारखी रडत होती. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "चिडले होते जरा. विचारत होते, आम्ही सोडून गेलो असं कोणी लिहिलं?"

मावशीने मान वर केली.

"मग तू काय सांगितलंस, आई?"

"काय सांगणार?" आजी कौतुकाने हसली. "म्हटलं, तुमच्याच लेकीने लिहिलंय. किती सुंदर अक्षर आहे तिचं. ती तिथेच कामाला असते. राहते कुठे तेही सांगितलं."

संध्याकाळी आजी गेली. शांतपणे, दोन्ही किल्ल्या मुठीत धरून. अंघोळ घालताना मूठ उघडली तर रिकामी होती.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं. वस्तू चोरीला गेल्या असं कागदोपत्री लिहिलं. सात नंबरच्या कपाटाच्या जागी आता बंदराचा मोठा फोटो आहे. फोटोत सगळी माणसं हसतायत. मावशीने उलटी करून लिहिलेली पाटी कुठे गेली, कुणी सांगत नाही. ती वर्षभर साहेबांकडे अर्ज देत राहिली, मग तिने नोकरी सोडली.

एक गोष्ट मात्र राहिली.

ते चिठ्ठ्यांचं पुस्तक. त्या दिवशी ते पूर्ण वेळ मावशीच्या खिशात होतं, कोरं करकरीत. चिठ्ठी फाडली की पुस्तकात नंबराची अर्धी पट्टी मागे राहते. मावशीने रात्री पुस्तक उघडलं, तर सात पट्ट्या होत्या.

कपाटात पाच चिठ्ठ्या सापडल्या. सहावी मावशीच्या मुठीत होती.

सातवी अजून सापडलेली नाही.

कुणाच्या जागी ठेवलीय, माहीत नाही. मावशी रोज सकाळी आधी स्वतःची उशी उचलून बघते. मग गादी. मग कपाट. आमच्याकडे आली की माझ्या लेकीच्या पाळण्यातली दुपटीही एकेक झटकून बघते. परवा बायको वैतागली. म्हणाली, सांगा ना त्यांना, पोर घाबरते.

मावशी यायच्या आधी पाळणा मी बघून ठेवला होता. रोजच बघतो.