वीतभर कमी

त्याने रुग्णवाहिकेत पहिलं पाऊल टाकलं आणि सलाईनच्या हुकावर कपाळ आपटून घेतलं.

"आई गं…" एवढंच म्हणून तो मटकन बाकावर बसला. हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र, खिशातून डोकावणारी मोजपट्टी. मी सकाळची औषधं मोजत होते, ती तशीच टाकली आणि बर्फाची पिशवी त्याच्या कपाळावर धरली.

"आजचा पहिला पेशंट," मी म्हटलं. "वय किती? काय होतंय?"

"वय तीस. सुरक्षा अधिकारी. आणि हा हूक इतका खाली कुणी लावला, असं होतंय."

पुढून काका खो खो हसले. काका म्हणजे आमचे ड्रायव्हर. पाच वर्षं झाली, पुढे ते आणि मागे पेशंटपाशी मी. 'सुरक्षा अधिकारी' हे शब्द ऐकून माझं हसू मात्र मावळलं.

मुख्य कार्यालयाचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. धावत्या गाडीत मागच्या कर्मचाऱ्यानेही सीटचा पट्टा बांधायचा. जो बांधणार नाही त्याला ताकीद, आणि दोन ताकिदी झाल्या की रवानगी फोन घ्यायच्या टेबलावर. माझ्या नावावर एक ताकीद आधीच होती. दुसरी मिळाली की माझी गाडी सुटली. आईला ते हवंच होतं. "खुर्चीवर बसशील, वेळेवर जेवशील," म्हणायची. पण मला गाडीच हवी होती. कुणीतरी दारात हवालदिल होऊन उभं असतं, आपण उतरतो, आणि त्याचा चेहरा जरासा सैल पडतो… ते मला फोनवर कुठून दिसणार?

"पाच दिवस तुमच्याबरोबर आहे," तो म्हणाला. "रोजच्यासारखंच काम करा. मी इथे नाही, असं समजा."

सहा फुटी माणूस, कपाळावर टेंगूळ, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्याशा जागेत. नाही असं समजा म्हणे!

आणि प्रश्न तरी किती… वापरलेली सुई कुठे टाकता? हातमोजे दर पेशंटला बदलता? घरात कुणी काठी घेऊन उभा असेल तर आत शिरता, की पोलिसांची वाट बघता?

"काठी किती जाड आहे, त्यावर," मी म्हटलं.

त्याने तेही लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसला. एकाच गालाला खळी पडते त्याच्या. हे मी अगदी सहज पाहिलं… असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

तीन दिवस मी शहाण्या मुलीसारखी पट्टा बांधून बसले. पेशंटही साधे होते, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाला चक्कर. चौथ्या दिवशी दुपारी दम्याचे एक आजोबा मिळाले. ओठ निळसर, श्वास वरच्या वर. स्ट्रेचरवर त्यांना नीट बांधून घेतलं, ऑक्सिजन लावला आणि गाडी निघाली. आजोबा घाबरून मान हलवायचे, की मास्क गालावर सरकायचा.

मी बसल्या जागेवरून हात लांबवला. वीतभर कमी पडला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा सोडला.

"अहो, बसा—"

"बसते नंतर." मी आजोबांच्या उशाशी गुडघ्यावर बसून मास्क धरला. "आजोबा, माझ्याबरोबर श्वास घ्या… हळूच… अस्सं."

तेवढ्यात कुणी सायकलवाला आडवा आला आणि काकांनी करकचून ब्रेक दाबला. मी फेकले गेले. कोपर कपाटावर आदळलं. डोकंही आदळलं असतं, पण मागून कुणीतरी माझं जॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. आजोबा सुखरूप होते. मी पुन्हा मास्क धरला. त्याने मात्र इस्पितळ येईपर्यंत जॅकेट सोडलं नाही.

आजोबांना डॉक्टरांच्या हवाली केल्यावर मी आवारात स्ट्रेचर पुसत होते. तो बर्फाची पिशवी घेऊन आला.

"आज पेशंट तुम्ही," म्हणून त्याने ती माझ्या कोपरावर धरली.

"लिहिणार?" मी विचारलं.

"लिहिणार. खोटं नाही लिहिता येत मला."

"मग माझी गाडी गेली."

"आणि डोकं फुटलं असतं तर?" तो म्हणाला. "मी पट्ट्यात होतो म्हणून तुम्हाला धरू शकलो."

"आणि आजोबांचा मास्क कुणी धरला असता?"

मला इतका राग आला होता, की बर्फ कोपरावर आहे हेही जाणवेना.

त्याने खिशातली मोजपट्टी काढली. "जरा आत येता? तुमच्या जागेवर बसा. पट्टा बांधा. आता उशीपर्यंत हात करा."

मी हात लांबवला. त्याने मोजपट्टीचं टोक माझ्या बोटाच्या टोकाला लावलं.

"बावीस सेंटीमीटर."

"वीतभर म्हणा की सरळ."

"फॉर्मवर वीत चालत नाही."

त्याचं बोट माझ्या बोटाला टेकलेलंच होतं.

"मोजून झालं ना?"

"झालं… खात्री करतोय."

पाचव्या दिवशी तो आला नाही. अहवाल गेला, एवढंच कळलं. तीन आठवडे मी रोज गाडीची काच जरा जास्तच पुसत होते, आता ही आपली किती दिवस, या विचाराने. "काचेत कुणाला शोधतेस?" काका विचारायचे. मी फडकं पिळत बसायचे. खरं सांगायचं तर गाडीइतकीच ती खळीही आठवत होती.

मग कार्यालयाचं पत्र आलं. त्याने अहवालात लिहिलं होतं : कर्मचाऱ्याने पट्टा सोडला होता. पट्टा बांधून रुग्णापर्यंत हात बावीस सेंटीमीटर कमी पडतो. चूक सीटची आहे. आधी सीट बदला, मग नियम लावा. कार्यालयाने मानलं होतं. माझ्या नावावर दुसरी ताकीद नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, आणि काकांनी उगाचच एकदा सायरन वाजवून घेतला.

नवी सीट रुळावर पुढेमागे सरकणारी होती. ती तपासायला तोच आला. या वेळी हुकाखालून वाकून आत शिरला आणि पेशंट म्हणून थेट स्ट्रेचरवर आडवा झाला.

"पट्टा?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणायच्या आधीच बांधलाय. माझं कोपर आठवडाभर काळंनिळं होतं. तुमचंही बरोबर होतं."

मी सीट सरकवली, हात पुढे केला. त्याच्या कपाळाला लागला. टेंगूळ गेलं होतं.

"पोचतो," मी म्हटलं. "करा सही."

"मी नाही करू शकत."

"आता काय कमी आहे?"

त्याने आडव्या आडव्याच फॉर्म माझ्याकडे दिला. सगळे रकाने भरले होते, एक सोडून. 'तपासणी करणाऱ्याचे या गाडीतील कर्मचाऱ्याशी वैयक्तिक नाते आहे का?'

"मागच्या वेळी 'नाही' लिहिलं होतं," तो छताकडे बघत म्हणाला. "तेव्हा ते खरं होतं… जेमतेम. आज लिहिलं तर खोटं होईल. आणि 'आहे' हे एकट्याने लिहिता येत नाही… सहीसाठी उद्या दुसरा अधिकारी येईल. मी सांगून आलोय. तुम्ही नाही म्हणालात, तरी तोच येईल."

"म्हणजे आधीच सगळं ठरवून आलास?" माझ्या तोंडून 'तू' कधी निघून गेलं, कळलंच नाही. त्याला कळलं. खळी पडली.

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं : आहे.

"झाली का तपासणी?" काकांनी पुढून विचारलं. "नसेल झाली तर मी चहा घेऊन येतो. सावकाश."

त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघं हसलो. त्याने माझा हात हातात घेतला.

"पट्टा काढू का?" मी विचारलं.

"नको. गाडी उभी असली तरी सवय मोडायची नाही."

मी नाही काढला. काढायची गरजही नव्हती. हात पोचत होता.