एकवार, दोनवार

मुनीम वेगानं चालायला लागला, तर अभय मगदूमचा नक्की काय फायदा होणार होता, ते आधी बघून घेऊ. सकाळी अंघोळीचं पाणी वेळेवर तापलं असतं. हैदराबादच्या ऑफिसशी बोलताना त्याचा चेहरा आ वासून पडद्यावर अडकला नसता. दिवाळीला येणारी मावशी, "काय रे, तू एवढा कॉम्प्युटरवाला, आणि तुझ्या घरात दिवा लागायला आरती संपावी लागते!" असं म्हणाली नसती. एवढे फायदे त्यानं आईला बोलून दाखवले. आणखी एक होता, तो दाखवला नाही. वडिलांच्या समोर बसून त्यांचं वाक्य पुरं होण्याची वाट बघायची पाळी त्याच्यावर आली नसती.

मुनीम म्हणजे मगदुमांच्या सांगलीतल्या घराचा संगणक. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी त्याची पेटी. दिवे, गिझर, दाराची कडी, औषधांच्या वेळा, फोन, सगळं त्याच्याकडे. घर बांधलं तेव्हा अभयच्या वडिलांनी, श्रेणिक मगदुमांनी, तो हौसेनं बसवला आणि नावही त्यांनीच ठेवलं. "माझं सगळं ऐकून घेतो आणि उलट बोलत नाही," ते लोकांना सांगायचे, "असला मुनीम मला जन्मात मिळाला नव्हता."

ऐकून घ्यायला भरपूर होतं. श्रेणिक मार्केट यार्डात हळदीचे सौदे, म्हणजे लिलाव, पुकारायचे. सबंध पेठेत त्यांच्याइतकी जलद जीभ कुणाची नव्हती. पोत्यांच्या थप्पीपुढे उभे राहिले की आकडे असे सुटायचे, की बाहेरगावचा व्यापारी पहिला समजून घेईपर्यंत पाचवा निघून गेलेला असायचा. एकवार, दोनवार, तीनवार! तिसऱ्या वारापर्यंत जो बोलला नाही त्याचा हक्क गेला. कुणी नंतर कुरकुरला, तर श्रेणिक म्हणायचे, "तोंड देवानं दिलंय की नाही? मग उघडायचं होतं वेळेवर."

आता देवानं दिलेलं तोंड होतं, पण वेळेवर उघडत नव्हतं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. माणसाला सगळं समजतं, मनात वाक्यही तयार असतं, पण मनापासून जिभेपर्यंतचा रस्ता वाहून गेलेला असतो. पहिलं अक्षर कसंबसं ओठांवर येतं आणि बाकीचं वाक्य पलीकडच्या काठावर उभं राहतं.

अभय दिवाळीसाठी आला त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा ते पाहिलं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची त्यांच्या जैन घरातली रीत, त्यामुळे पुढची संध्याकाळ लांबलचक. अभयची आई, त्रिशलाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बहिणीशी फोनवर बोलत होत्या. खिडकीशी बसलेल्या श्रेणिकांनी डावा हात उचलला.

"दू…"

पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकत राहिला. अभयनं घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. तेवढ्यात गिझर बंद पडला, पंखाही मंदावला, जणू सबंध घर कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होतं. अखेर मुनीम बोलला.

"दूध गॅसवर आहे आणि तुझं माहेर फोनवर. उतू गेलं की मांजराची दिवाळी."

त्रिशलाबाई हसत धावल्या. श्रेणिकही एका बाजूनं हसले. अभय मात्र चमकला. आवाज यंत्राचा होता, पण बोलणं शंभर टक्के त्याच्या वडिलांचं, आण्णांचं.

"अंदाजानं ठोकतो का हा?" त्यानं आईला आत विचारलं.

"अंदाज कसला? चुकलं की ते मान हलवतात. मग तो परत शोधत बसतो. कधीकधी माझं विणकाम होतं अर्धं, पण आणतो बघ बरोबर." त्रिशलाबाईंनी दूध खाली उतरवलं. मग आवाज बारीक केला. "तुला काहीतरी सांगायचंय त्यांना. मी उठून आत आले की मुनीमजवळ घोकत बसतात. मला विचारायची सोय नाही. म्हणतात, माल ज्याचा त्याच्याच हातात देणार."

"बघू की," अभय म्हणाला.

हे 'बघू की' त्याच्या तोंडात बारा वर्षं होतं. शिक्षण संपल्यावर त्यानं यार्डात बसायला नकार दिला, तेव्हा श्रेणिकांनी त्याला भर सौद्यात पोत्यावर उभं केलं होतं. "घ्या! इंजिनियर माल! एकवार… दोनवार… कुणीच नाही? या मालाला उठाव नाही. परत न्या!" सगळं यार्ड पोट धरून हसलं. श्रेणिकांना तो विनोद वाटला होता. पेठेत असले विनोद रोज होतात आणि चहाबरोबर विसरले जातात. अभयनं चहा घेतला नाही. त्याच आठवड्यात तो हैदराबादला गेला, आणि नंतर घरी आला तो पाहुण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी साफसफाई निघाली. त्रिशलाबाईंचा दिवाळीचा कायदा कडक होता. वर्षभर ज्याला हात लागला नाही, ती वस्तू दाराबाहेर. माळ्यावरून फुटके डबे, हँडल नसलेली किटली, अभयची शाळेची छत्री खाली आली.

"आणि या मुनीमाचं काय करायचं?" अभयनं विचारलं.

"त्यालाही झाड की जरा. उद्या मावशी येईल आणि मला बोलून घेईल."

अभयनं पेटीला आपला पडदा जोडला. जुन्या यंत्रांना कशानं धाप लागते, हे शोधणं त्याच्या डाव्या हातचा मळ. पहिलं दुखणं लगेच सापडलं. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट किती बघायची, याचा प्रत्येक यंत्रात एक आकडा असतो. त्याला होकार-अवधी म्हणतात. मुनीमनं हा अवधी कुणीही न सांगता, आपणहून, ताणत ताणत भलताच लांबवला होता.

"हे बघ, आई. हा प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत हात जोडून बसतो. मग घर चालणार कसं?" त्याच्या मनात एक गंमत आली. त्यानं भराभर नवा नियम लिहिला. "आता यार्डाचा कायदा. एकवार, दोनवार, तीनवार. गप्प बसला तो कबूल."

त्रिशलाबाई लाडवांचा पाक बघत होत्या. त्यांना हसू आलं. त्या हसल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढच्या हिशेबात ते लागेल.

मग अभयनं झाडणी सोडली. झाडणी म्हणजे संगणकाच्या साठ्यात फिरून अडगळ गोळा करणारी आज्ञावली. ती फिरली आणि एका भल्यामोठ्या ढिगापाशी थांबली. घर बांधलं तेव्हापासूनचे आवाज. त्यात तीच तीच वाक्यं हजारदा आलेली, आणि अलीकडच्या काळातली तर नुसती अर्धीमुर्धी अक्षरं. झाडणीनं त्यावर शिक्का मारला: पुनरावृत्ती आणि निरर्थक ध्वनी. जवळजवळ सगळी जागा त्यानंच अडवली होती. अभयनं शिक्का वाचला आणि त्याला हायसं वाटलं. एवढी अडगळ डोक्यावर घेऊन कोण पळेल?

पण मुनीम इमानी होता. घर श्रेणिकांच्या नावावर, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय तो काडी बाहेर टाकणार नव्हता. अभय स्टुलावर चढून, पाठ फिरवून पंखा पुसत होता. मागून मुनीमचा आवाज आला.

"आण्णासाहेब, घरातले जुने आवाज काढून टाकू का? एकवार."

श्रेणिकांना प्रश्न समजला. समजण्यात त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. तोंड उघडलं.

"दोनवार."

"न…"

लहानपणी अभय यार्डात पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायचा. आण्णा पहिले दोन वार पुकारायचे आणि तिसऱ्याला त्याच्याकडे बघायचे. तिसरा वार ओरडायचा मान त्याचा. व्यापारी म्हणायचे, "मगदुमांचा छोटा मालक!" स्टुलावर उभ्या असलेल्या अभयला ते आठवलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच वडिलांबद्दल त्याच्या पोटात माया दाटून आली. त्यानं फडका उंच नाचवला आणि मुनीमच्या आवाजात आपला आवाज मिसळून तो ओरडला,

"तीनवार!"

"काढले," मुनीम म्हणाला.

घर पळायला लागलं. मावशी आली, तर उंबरठ्यावर पाय ठेवायच्या आत दिवे लागले. "अगं बाई! हा तर मनातलं ओळखतोय!" ती म्हणाली. पाणी कढत, पडदा लख्ख. हैदराबादचा साहेब म्हणाला, "मगदूम, तू ऑफिसातून बोलतोयस का?"

संध्याकाळी जेवणं झाल्यावर श्रेणिकांनी अभयकडे पाहिलं आणि हात उचलला.

"अ…"

हिरवा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. "अंघोळीचं पाणी तापवू का?" मुनीमनं तत्काळ विचारलं.

श्रेणिकांनी मान हलवली.

"अगरबत्ती मागवू का? एकवार. दोनवार. तीनवार. मागवली."

"अ… अ…"

"अलार्म लावू का? एकवार. दोनवार—"

मावशी खो खो हसली. त्रिशलाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हा चेहरा त्यांनी दवाखान्यात, पहिल्या दिवशी पाहिला होता. त्यानंतर आजच.

"अभय," त्या हळूच म्हणाल्या, "तू काय बाहेर टाकलंस?"

अभय पेटीसमोर बसला. मुनीम पूर्वी काय करत होता, याच्या खुणा तेवढ्या शिल्लक होत्या. आण्णांनी एक अक्षर काढलं की तो सबंध साठ्यात उतरायचा. या अक्षरापासून सुरू होणारं काय काय हा माणूस आजवर बोललाय, कुणाशी, कोणत्या वेळी, कोणत्या तऱ्हेनं. आता खोलीत कोण आहे, चुलीवर काय आहे. एकेक वाक्य उचलून तो त्या अक्षराला लावून बघायचा. म्हणून गिझर बंद पडायचा, पंखा मंदावायचा.

"तो म्हातारा झाला नव्हता, आई," अभय म्हणाला. "तो शोधत होता."

"मग परत दे की त्याला. नक्कल असेल ना कुठं? तुमच्यात असते की."

नक्कल नव्हती. घरचं बोलणं घरात, हा श्रेणिकांचाच हुकूम. व्यापारी माणूस, आपले शब्द बाहेरच्या गोदामात कशाला ठेवील? आणि झाडणीनं मोकळी झालेली जागा वेगाच्या कामाला लगेच लावून टाकली होती. अभयनं तरी खटपट केली. होकार-अवधी काढून टाकला, यार्डाचा कायदा पुसला. मुनीम आता कितीही वेळ थांबायला तयार होता. पण थांबून तो करणार काय? त्याच्याकडे लावून बघायला वाक्यंच नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे देवळात महावीरांच्या मोक्षदिनाचा निर्वाण लाडू चढवून आल्यावर त्रिशलाबाईंनी घरातला एक लाडू नवऱ्याच्या हातावर ठेवला. दरवर्षी ते काहीतरी खोचक बोलायचे. गेल्या वर्षी, अभय आला नव्हता तेव्हा, मुनीमकरवी म्हणाले होते, "हा लाडू फोडायला यार्डातून हमाल बोलवावा लागेल." त्या उभ्या राहिल्या. श्रेणिकांनी लाडू खाल्ला. बोलायला तोंड उघडून बघितलंही नाही.

"बोला की, अहो. कडक झालाय ना? झालाय ना कडक?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. बायकोला बरं वाटावं म्हणून हलवली, हे त्रिशलाबाईंना कळलं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिल्या.

निघायच्या दिवशी अभयची बॅग दारात होती. त्यानं गाडी पुढची घेतली, मग तिच्याही पुढची. खुर्ची ओढून तो वडिलांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला. फोन आत ठेवून आला होता.

"आण्णा, बोला. मी कुठं जात नाही."

श्रेणिकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला आणि तो अभयच्या छातीवर टेकवला.

"अ…"

मुनीम गप्प होता. आता तसं सांगितलेलंच होतं. अभयनं डोळे मिटले आणि मुनीम करायचा तेच तो स्वतः करू लागला. आण्णांची वाक्यं आठवून त्या अक्षराला लावून बघायची. पण बारा वर्षं तो या घरात नव्हता. दुधाचं, मांजराचं, लाडवाचं बोलणं त्यानं ऐकलंच नव्हतं. आपल्या आठवणीत तो जितक्या वेळा खोल उतरला तितक्या वेळा त्याच्या हाती एकच वाक्य लागलं. या मालाला उठाव नाही.

त्यानं डोळे उघडले. हात अजून छातीवर होता आणि म्हाताऱ्याचे ओठ हलत होते.

तेव्हा हिशेब असा. पाणी तापलं, पडदा अडकला नाही, मावशीनं नावं ठेवली नाहीत. ठरल्याप्रमाणे सगळा फायदा जमा झाला. वाट बघायची पाळी मात्र चुकली नाही, ती उलट कायमची अभयकडे आली. किंमत श्रेणिकांनी मोजली, आयुष्यभराच्या शब्दांनी. त्रिशलाबाईंनी आपल्या संध्याकाळी दिल्या, आणि त्या दिवशी आलेलं हसू अजून त्या स्वतःच्या नावावर लिहून ठेवतात. अभयनं काय भरलं, ते त्याला स्वतःलाही माहीत नाही. त्याच्यासाठी घोकून तयार ठेवलेलं ते वाक्य माफीचं होतं, की हक्क कायमचा संपवणाऱ्या त्या तिसऱ्या वाराचं, जो यार्डात त्या दिवशी आण्णांनी पुकारलाच नव्हता?